भानामती, सातबारा आणि शेतकऱ्याचें मन

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोंकास, माणिकगडच्या डोंगरांत वसलेला जिवती तालुका आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेला नसेल. त्याचें नांव पुष्कळांच्या कानीं प्रथम पडलें तें २०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, आणि तेंही अशा कारणानें कीं, त्याची आठवण झाली असतां सुशिक्षित म्हणविणाऱ्या कोणाही मनुष्याची मान खालीं जावी. त्या तालुक्यांतील वणी खुर्द या गांवीं भानामती केल्याच्या नुसत्या संशयावरून सात माणसांस, त्यांत वृद्ध होते व बायकाही होत्या, भर चौकांत खांबांस बांधून मारहाण करण्यांत आली. मारणारे कोणी परके दरोडेखोर नव्हते. त्याच गांवचे, त्याच शिवारांत राबणारे लोक होते. पोलिसांनीं धरपकड केली, वर्तमानपत्रांनीं चार दिवस रकाने भरले, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या मंडळींनीं गांवांत जाऊन लोकांस समजावून सांगितलें, आणि मग नेहमींप्रमाणें सर्व शांत झालें. जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर चार महिन्यांनीं, म्हणजे २०१३ सालच्या डिसेंबरांत मंजूर झाला होता. पुढें जवळजवळ आठ वर्षें लोटलीं, तरी तो कायदा पहाड चढून वर गेला नव्हता, एवढें त्या प्रसंगानें सिद्ध झालें.

मग आज हा विषय आम्ही पुनः कां काढीत आहों, असें कोणी विचारील. कारण एवढेंच कीं, त्या चौकांतील खांबांकडे सर्वांचें लक्ष गेलें. त्या चौकाभोंवतालच्या घरांत काय चाललें होतें व आजही चाललें आहे, तिकडे फारसें कोणाचें गेलें नाहीं. कपाशी करपते, दुभतें जनावर आटतें, लेकरूं तापानें फणफणतें, घरधनी रात्र रात्र जागाच राहतो, सुनेच्या हातापायांस मुंग्या येऊन ती बेशुद्ध पडते. हें सर्व एका हंगामांत एकाच घरावर कोसळलें म्हणजे त्या घरास कांहीं तरी कारण पाहिजे असतें. डॉक्टर कारण सांगण्यास तेथें नसतो, तलाठी सांगत नाहीं, शाळेंतील मास्तर सांगण्यास धजत नाहीं. जो सांगतो तो देवऋषी, आणि त्यानें सांगितलेल्या कारणास शेजाऱ्याचें नांव असतें. वणी खुर्दच्या आरोपींच्या मनाला आजार जडला होता, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. क्रौर्यावर आजाराचें पांघरूण घालणें हा त्या सात जणांवर दुसरा अन्याय होईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या मुलखांत मनाच्या दुःखाला भानामतीवांचून दुसरें नांवच उपलब्ध नाहीं, त्या मुलखांत असे खांब पुनः पुनः उभे राहणार.

आमच्या विदर्भांतील शेतकरी आपणांस उदासीनतेचा विकार जडला आहे, असें कधींही म्हणत नाहीं. तो म्हणतो, “जीव घाबरते, मन लागत नाही, डोक्यात सारखा इचार चालू राहते.” त्याची बायको म्हणते, “आंग दुखते, हातापायाले मुंग्या येते, झोप येत नाही.” तीं दोघें दवाखान्यांत गेलींच तर शक्तीची सुई व सलाईनची बाटली घेऊन परत येतात, चार दिवस बरें वाटतें, पांचव्या दिवशीं पुनः तेंच. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसून आलें कीं, नेहमीं आढळणाऱ्या मनोविकारांनीं पीडित असलेल्या लोकांपैकीं शेंकडा सुमारें ८५ जणांस कोणताच उपचार मिळत नाहीं. हा आंकडा शहरें व खेडीं एकत्र धरून आहे. केवळ पहाडाचा काढला तर तो किती होईल याचा अंदाज वाचकांनींच करावा. सबंध विदर्भास मिळून सरकारी मनोरुग्णालय एक, तें नागपुरास. आणि लोकांच्या तोंडीं त्याचें नांव अद्याप ‘पागलखाना’ हेंच आहे. जिवतीहून चंद्रपूर व चंद्रपुराहून नागपूर असा प्रवास करून त्या नांवाच्या दारांत कोण आपण होऊन जाईल? २०१५ सालीं चंद्रपुरास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालें ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्याचा जीव घाबरा होतो त्याला घाट उतरून खालीं येण्याचें बळच नसतें, हा या आजाराचा स्वभावच आहे.

आतां कांहीं आंकडे. ते देण्यांत आम्हांस आनंद नाहीं. परंतु व्यापारी वाचकांस आंकड्यांवांचून कोणतीच गोष्ट खरी वाटत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या हिशेबाप्रमाणें २०२२ सालीं देशांत शेतीवर पोट भरणाऱ्या ११,२९० माणसांनीं आत्महत्या केल्या. त्यांत शेतकरी ५,२०७ व शेतमजूर ६,०८३. एकट्या महाराष्ट्राचा वांटा ४,२४८. आम्ही सर्वजण ‘शेतकरी आत्महत्या’ हा शब्द नित्य वापरतों, सभा भरवितों, मोर्चे काढतों. पण शेतमजुरांचा आंकडा शेतकऱ्यांहूनही मोठा आहे, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानीं आली असेल? मजुराच्या नांवावर जमीन नाहीं, म्हणून त्याच्या मरणास मथळाही नाहीं. आणि जिवतीच्या पहाडावरील कित्येक कुटुंबें तर या दोहोंच्या मधल्या फटींत सांपडलेलीं आहेत. तीं जमीन कसतात, म्हणून मजूर नव्हेत; जमीन त्यांच्या नांवावर नाहीं, म्हणून कागदोपत्रीं शेतकरीही नव्हेत.

ही फट कशी पडली तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. हा मुलूख निजामाच्या राज्यांतला. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या, पुढें हैदराबाद राज्याच्या, आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. तेथून तो नांदेडास जोडला गेला व १९५९ सालीं चांदा जिल्ह्यांत आला. मूळचे रहिवासी गोंड व कोलाम. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेंमागें मराठवाड्यांतून शेंकडों कुटुंबें पोटाची खळगी भरण्यासाठीं या डोंगरांत येऊन राहिलीं. त्यांत बंजारे होते, दलित होते, इतरही जातींचे लोक होते. त्यांनीं दगड वेंचले, माळ नांगरला, कपाशी, ज्वारी व तूर पेरली. त्यांचीं नातवंडें आतां त्याच मातींत बैल हांकीत आहेत. परंतु सरकारी दप्तरांत ती जमीन कोठें वन म्हणून तर कोठें महसुली म्हणून पडलेली, आणि दोन्ही खात्यांचा वाद मिटत नाहीं म्हणून पुष्कळांस पट्टा नाहीं. २००६ सालचा वनहक्क कायदा आला तेव्हां लोकांस मोठी आशा वाटली. पण त्यांत आदिवासी नसणाऱ्यांनीं १३ डिसेंबर २००५ पूर्वींचा ७५ वर्षांचा, म्हणजे तीन पिढ्यांचा, वास दाखविला पाहिजे अशी अट आहे. जो १९७२ सालीं दुष्काळांतून जीव घेऊन आला त्यानें १९३० सालचा पुरावा कोठून आणावा? त्यांतही तालुक्याच्या १४ गांवांवर महाराष्ट्र व तेलंगण हीं दोन्ही राज्यें हक्क सांगतात. तेथील लोकांपाशीं दोन राज्यांच्या शिधापत्रिका आहेत, दोहोंकडे मतें आहेत, आणि तरी आपण कोणाचे हा प्रश्न आहेच.

सातबारा नाहीं म्हणून बँकेचें पीककर्ज नाहीं. पीकविमा नाहीं. कापूस महामंडळाच्या हमीभावाच्या खरेदींत नांव नोंदवावयाचें तर तेथेंही सातबारा पाहिजे. म्हणून पडेल त्या भावानें कापूस खासगी व्यापाऱ्याच्या कांट्यावर घालावयाचा. आणि शेवटीं, कोणी त्या चक्रांत सांपडून जीव गमावलाच, तर मागें राहिलेल्या कुटुंबास सरकारची जी १ लाख रुपयांची मदत मिळावयाची, तिचे २००६ सालीं ठरलेले निकष असे आहेत कीं, जमीन त्या कुटुंबाच्या नांवावर असावी व कर्ज बँकेचें, सहकारी संस्थेचें किंवा परवानाधारक सावकाराचें असावें. म्हणजे ज्याला जमिनीच्या कागदाअभावीं बँकेनें उभें केलें नाहीं, तो मेल्यावरही त्याच कागदाअभावीं अपात्र ठरावयाचा! ज्या विधवेचा कुंकवाचा धनी गेला, तिनें तहसील कचेरींत आपला नवरा शेतकरी होता हें सिद्ध करीत बसावें, याहून मनाची मोठी विटंबना कोणती? तिला त्यानंतर समुपदेशन देऊं पाहणाऱ्या माणसानें प्रथम त्या कचेरीच्या पायऱ्या चढून पाहाव्या.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल. १ जुलै २००६ रोजीं पंतप्रधान मनमोहनसिंग यांनीं विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटींची योजना जाहीर केली. त्या सहांत चंद्रपूर व गडचिरोली नव्हते. २०१५ सालीं राज्यसरकारनें शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करण्याकरितां ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा सेविकांनीं घरोघर जाऊन प्रश्न विचारावे, ज्याची लक्षणें काळजीचीं वाटतील त्यास आरोग्य केंद्रांत पाठवावें, जिल्ह्याच्या रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ असावा, अशी ती योजना खरोखर शहाणपणाची होती. ती मराठवाड्याच्या आठ व विदर्भाच्या सहा अशा चौदा जिल्ह्यांत निघाली. त्या चौदांतही चंद्रपूर व गडचिरोली नव्हते. ज्या जिल्ह्यांत मरणाचा आंकडा मोठा तेथें आधीं जावें हा हिशेब आम्हांस समजतो. परंतु ज्या पहाडावर शेतकऱ्याची शेतकरी म्हणून नोंदच नाहीं, तेथील आंकडा लहान दिसला तर त्यांत नवल तें काय? आणि ज्या मराठवाड्यांत ती योजना गेली, त्याच मराठवाड्यांतून हीं कुटुंबें उठून आलीं होतीं. दुःख त्यांच्याबरोबर घाट चढून आलें, औषध मात्र खालींच राहिलें.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो सामान्य माणसांकडून नव्हे तर शेतकऱ्यांच्या खऱ्या कैवाऱ्यांकडून येतो, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे. ते म्हणतात, “शेतकऱ्याच्या मनाला कांहींएक झालेलें नाहीं. त्याच्या मालास भाव द्या, त्याचें कर्ज फेडा, त्याला पट्टा द्या, म्हणजे त्याचें मन आपोआप बरें होईल. तुम्ही त्याच्या मनाची चिकित्सा सुरू केली म्हणजे सरकारास हात झटकून मोकळें होतां येतें. दोष धोरणाचा न राहतां शेतकऱ्याच्या दुबळेपणाचा ठरतो.” हा आक्षेप पोकळ नाहीं. शेतकरी दारू पितो, लग्नांत उधळतो, मनानें कच्चा आहे, अशा तऱ्हेचीं पांडित्यपूर्ण मतें मोठमोठ्या पदांवरील लोकांनीं ऐकविलेलीं आम्हांसही आठवतात, व त्यांचा संताप आम्हांसही येतो. १९ मार्च १९८६ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांतील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा अंत झाला. त्या दिवशीं २०१७ पासून महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं लोक अन्नत्याग करितात, तो समुपदेशक मिळावे म्हणून नव्हे, शेतकऱ्याच्या पायांतील कायद्याच्या बेड्या तुटाव्या म्हणून. त्यांची मागणी आम्हांस मान्य आहे. जिवतीच्या शेतकऱ्याच्या मनावर पहिलें औषध पट्टा हेंच होय, हें आम्ही वरच सांगितलें आहे.

परंतु पट्टा मिळेपर्यंत त्यानें काय करावें? खटले पिढ्यान्‌पिढ्या चालतात. काळजीची रात्र आज आहे. एकाच शिवारांत, एकाच कर्जाखालीं, एकाच नापिकीचे दहा शेतकरी असतात; त्यांतील एक खचतो व नऊ जण कसेबसे तग धरतात. जो खचतो तो दुबळा असतो असें नाहीं. त्याचें दुःख ऐकण्यास त्या रात्रीं कोणी नव्हतें, इतकाच पुष्कळदां फरक असतो. मरणाचा विचार अत्यंत तीव्रतेनें येतो तो काळ बहुधा थोडाच असतो, आणि तेवढा काळ कोणाच्या सोबतीनें निभावला तर माणूस वांचतो व पुढें वर्षानुवर्षें जगतो, हें या विषयाच्या जाणत्यांनीं ठरविलेलें सत्य आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतून खतें व वह्या काढून जाळल्या. आम्ही त्या दंग्याचें मंडन करीत नाहीं. परंतु त्या वेळीं शेतकरी रागावला तो सर्वांनीं मिळून रागावला, आणि १८७९ चा कायदा त्यांतून निघाला. आजचा शेतकरी एकटाच रागावतो व तो राग स्वतःवरच काढतो. या एकटेपणाला तोडगा हवा असेल तर तो हमीभावाच्या मागणीच्या आड येतो असें नव्हे. उलट ज्याचें मन ठिकाणावर आहे तोच हक्कासाठीं तहसील कचेरींत चार खेपा अधिक घालूं शकतो.

आणि हें काम मोठ्या पदव्यांवांचून होण्यासारखें आहे. अमरावती जिल्ह्याच्या ३० खेड्यांत ‘विश्राम’ नांवाच्या उपक्रमानें असा प्रयोग केला कीं, गांवांतीलच साध्या शिक्षणाच्या स्त्री-पुरुषांस शिकवून तयार करावें, त्यांनीं शेजाऱ्यांशीं बोलावें, गरज दिसेल त्यास समुपदेशकाकडे व पुढें डॉक्टरकडे न्यावें. दीड वर्षानें पाहतां, उदासीनतेनें ग्रासलेल्यांपैकीं कोणाची तरी मदत घेणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ४.३ होतें तें २७.२ वर गेलें. २०१७ सालीं ‘लॅन्सेट’च्या मनोविकारविषयक मासिकांत तो वृत्तांत प्रसिद्ध झाला. आमच्या शेजारच्या गडचिरोलींत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं ‘सर्च’ संस्था काढली, आणि खेड्यांतील अल्पशिक्षित बायकांस शिकवून नवजात बालकांचे मृत्यु निम्म्याहून अधिक कमी करून दाखविले. जी बाई चार दिवसांच्या बाळाचा श्वास मोजूं शकते, ती दुःखी माणसाजवळ अर्धा तास बसून त्याचें ऐकूं शकणार नाहीं काय? दूर आफ्रिकेंत, झिंबाब्वेच्या हरारे शहरीं, डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं २००६ पासून चक्क आज्यांस या कामास लाविलें आहे. दवाखान्याच्या आवारांत एक लांकडी बांक, त्यावर वस्तींतली एक आजीबाई, आणि शेजारीं ज्याला बोलावयाचें आहे तो. तेथील शोना भाषेंत या दुखण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘अति विचार करणें’ असा होतो. आमच्या शेतकऱ्याच्या तोंडीं ‘लय इचार’ हेच शब्द असतात! २०१६ सालीं या बांकावरील उपचाराची शास्त्रीय परीक्षा होऊन तो गुणकारी ठरला. पहाडावर अडचण एक अधिक आहे ती भाषेची; कोलामाच्या म्हातारीनें आपलें दुःख मराठींत सांगावें ही अपेक्षाच अन्यायाची. तेथें कोलामी, गोंडी व बंजाऱ्यांची गोरमाटी जाणणाऱ्या त्याच वस्तींतल्या बायका पाहिजेत.

देवऋषी व भगत यांच्याविषयीं आम्हीं वर कठोर शब्द वापरले, ते परत घेत नाहीं. जो दुसऱ्या माणसाचें नांव घेऊन त्याला चेटक्या ठरवितो तो गुन्हेगार आहे व त्यास कायद्यानें शिक्षा झालीच पाहिजे. तथापि सर्वच भगत तसे नसतात, आणि लोक त्यांच्याकडे कां जातात हेंही सुधारकांनीं मोकळ्या मनानें पाहिलें पाहिजे. भगत वेळ देतो; हात हातांत घेतो; घरच्या सर्वांस बोलावून बसवितो. दवाखान्यांत या तिन्ही गोष्टी मिळत नाहींत. गुजरातेंत उनावा येथें मीरा दातारच्या दर्ग्यांत ‘दवा आणि दुवा’ या नांवाची व्यवस्था आहे. मुजावर दुवा करितो व त्याच आवारांत बसणाऱ्या डॉक्टरकडेही रुग्णास पाठवितो. आमच्या जुन्या पिढीच्या सुधारकांस ही तडजोड रुचली नसती, आणि कित्येक दिवस आम्हांसही ती रुचली नव्हती. पण ज्या रुग्णास साखळदंडाऐवजीं गोळी मिळाली त्याच्या दृष्टीनें पाहिलें असतां तत्त्वाचा वाद क्षणभर बाजूस ठेवावा असें वाटूं लागतें. जिवतीच्या एखाद्या भगतानें ‘मी मंत्र घालतों, पण उद्यां आशाताईकडे जा’ एवढें म्हटलें तरी आम्ही त्याचे आभार मानूं.

दारूविषयीं दोनच शब्द. चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं दारूबंदी झाली व २०२१ सालीं ती उठली. गडचिरोलींत ती १९९३ पासून चालू आहे. बंदी असावी कीं नसावी हा वाद आज आम्ही उकरीत नाहीं. मात्र रोज संध्याकाळीं पिऊन पडणाऱ्या माणसास ‘बेवडा’ म्हणून सोडून देण्यापूर्वीं तो कोणत्या काळजीचा विसर पाडूं पाहत आहे, हें एकदां विचारावें. आणि त्याच्या मारानें ज्या बायकोची झोप उडाली आहे तिला तर आधीं विचारावें. कारण दिवसभर कापूस वेंचून, संध्याकाळीं चूल पेटवून, रात्रीं मार खाणारी ती बाई कोणत्याच आंकड्यांत शेतकरी म्हणून येत नाहीं.

आतां आमच्या व्यापारी वाचकांस कांहीं सांगणें आहे, आणि तें कडू लागलें तरी सांगितलेंच पाहिजे. राजुरा, गडचांदूर व कोरपना येथील कृषी केंद्रवाले, कापसाचे व्यापारी, किराणा दुकानदार, हीं मंडळी पहाडावरील शेतकऱ्यास जितकें ओळखतात तितकें कोणी डॉक्टर वा अधिकारी ओळखीत नाहीं. मृगाच्या तोंडीं तो बियाण्याच्या उधारीसाठीं तुमच्याच फळीशीं उभा राहतो. दिवाळीच्या आगेंमागें तुमच्याच कांट्यावर त्याचा कापूस उतरतो. त्याची खात्याची वही तुमच्यापाशीं आहे. कोण नेहमीं हंसत येणारा या वर्षीं मान खालीं घालून येतो, कोण एकाएकीं सर्व देणीं मिटवूं लागतो व ‘आतां माझें कांहीं खरें नाहीं’ असें बोलतो, कोण दोन हंगाम दुकानाची पायरीच चढला नाहीं, हें तुम्हांस सर्वांच्या आधीं कळतें. त्या क्षणीं तुम्ही काय बोलतां? ‘शेठ, थोडी मुदत द्या’ या शब्दांस चारचौघांत दिलेलें एक तोडून टाकणारें उत्तर काय करूं शकतें, याचा विचार गल्ल्यावर बसलेला माणूस सहसा करीत नाहीं. वसुली करूं नका असें सांगण्याइतके आम्ही भोळे नाहीं. तुमचीही देणीं वर जिल्ह्याच्या घाऊक व्यापाऱ्यास आहेत. परंतु मागणी एकांतांत करावी, बायकामुलांसमोर करूं नये, व्याज मुदलाच्या वर जाऊं देऊं नये. दामदुप्पटीचा नियम आमच्या पूर्वजांनींच घालून दिलेला आहे, तो कोणा परक्याचा नव्हे. सवाई-दिढीनें बियाणें देऊन परवान्यावांचून सावकारी करणें हा तर २०१४ च्या कायद्यानें गुन्हाच आहे, आणि असें करणारे कोण हें त्या त्या बाजारपेठेंत सर्वांस ठाऊक असतें.

कृषी केंद्रवाल्यांची जबाबदारी आणखी एका कारणानें मोठी आहे. श्रीलंकेंत १९९५ नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचें प्रमाण दोन तृतीयांशांहून अधिक घटलें, आणि त्याचें मुख्य कारण म्हणून जाणते लोक सांगतात तें हें कीं, अत्यंत जहाल कीटकनाशकांची विक्री तेथील सरकारनें टप्प्याटप्प्यानें बंद केली. शेतीचें उत्पन्न त्यामुळें घटलें नाहीं. आमच्याकडे कायदा होईल तेव्हां होवो. परंतु कमी जहाल औषध दुकानांत असतां अधिक जहाल माल पुढें न करणें, लागेल तेवढेंच देणें, आणि गिऱ्हाईकाचा चेहरा ठीक दिसत नसेल तर ‘आज राहूं द्या, उद्यां घरच्या कोणास घेऊन या’ असें म्हणणें, हें आजही दुकानदाराच्या हातीं आहे.

आणि ज्याचा चेहरा ठीक दिसत नाहीं त्यास विचारावयास भिऊं नये. जीव नकोसा झाला आहे काय, असा सरळ प्रश्न केल्यानें माणसाच्या मनांत नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारा भेटला म्हणून पुष्कळांचा भार हलका होतो. आणखी एक भीति खेड्यापाड्यांत अजून आहे ती पोलिसांची. कोणी अशा प्रसंगांतून वांचला तर खटला होईल म्हणून घरचे लोक दवाखान्यांत खरें सांगत नाहींत, कधीं कधीं नेतच नाहींत. वाचकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें कीं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा माणसास अत्यंत तणावाखालीं असलेला समजून त्यास शिक्षा करूं नये, त्याची काळजी घ्यावी, असें ठरविलें. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तर जीव देण्याच्या केवळ प्रयत्नास गुन्हा ठरविणारें जुनें ३०९ वें कलम ठेविलेलेंच नाहीं. दवाखान्यांत खरें सांगावें. त्यानें कोणी तुरुंगांत जात नाहीं.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनें ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीची सोय केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. पैसा पडत नाहीं, दिवसा-रात्रीं केव्हांही बोलतां येतें, मराठींत उत्तर मिळतें. पहाडावर कित्येक ठिकाणीं मोबाईलला आवाजच येत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणून तो क्रमांक खालच्या बाजारपेठेंत, जेथें शेतकरी येतो व जेथें आवाज येतो, अशा जागीं असला पाहिजे. कृषी केंद्रांत वाणांच्या रंगीत पाट्या भिंतभर लाविलेल्या असतात. त्यांत एक पाटी या क्रमांकाची लावण्यास काय हरकत आहे? वजनकांट्याच्या पावतीच्या मागें तो छापण्यास किती शाई लागते?

आमची सूचना अशी आहे कीं, यंदाचा पहिला कापूस घाट उतरून खालीं येण्यापूर्वीं राजुरा, गडचांदूर व कोरपना येथील व्यापाऱ्यांनीं मिळून एक सभा बोलवावी. तींत जिवतीचे तहसीलदार व आरोग्याधिकारी यांस, पहाडावरील चार-सहा आशाताईंस, आणि पट्ट्यासाठीं झगडणाऱ्या गांवकऱ्यांस मानानें बोलवावें, व ‘प्रेरणा’सारखी योजना आमच्या दोन्ही जिल्ह्यांस पूर्णपणें लागू करावी असा ठराव करून तो मुंबईस पाठवावा. मदतीच्या निकषांतून पट्टा नसलेल्या कसणाराचें कुटुंब वगळलें जाऊं नये, हा दुसरा ठराव. सभा कोणत्याही दिवशीं ठेविली तरी आमचा बातमीदार हजर राहील, आणि तींत कोण आले, कोण आले नाहींत व काय ठरलें, तें आम्ही याच जागीं छापूं.